मॉरिशसच्या बाजारात दूर्वा

गणपतीच्या दिवसांत आम्ही आजवर कधी इंदूर सोडले नव्हते. घराण्याचा गणपती रामबागेत थोरल्या दिरांकडे बसतो, चतुर्थीला सगळ्या भावांची कुटुंबे तिथे जमतात आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री आम्ही सगळे मिळून कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, पाहायला रस्त्याच्या कडेला उभे राहतो. गिरण्या बंद पडून कितीतरी वर्षे झाली, तरी त्यांच्या नावाने झांक्या अजून निघतात. २०२५ साली मात्र नणंदेला बँकेतून रजा मिळाली ती नेमकी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तीन वेळा पुढे ढकललेला मॉरिशसचा बेत चौथ्यांदा मोडायला कोणाचेच मन होईना. हे जाऊबाईंना सांगायला गेले तेव्हा मनात फार चुटपुट होती. त्या पुरणयंत्र पुसत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "तू जा गं. तिथेही गणपती बसतात म्हणे. नैवेद्याचं मी बघते."

मी, माझे यजमान आणि नणंद असे तिघे २४ तारखेच्या संध्याकाळी निघालो.

२५ ऑगस्ट, सोमवार

मुंबईहून सुमारे सहा तासांचे उड्डाण आहे आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे चालते. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना पर्यटनाचा व्हिसा विमानतळावर विनाशुल्क मिळतो. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचे आरक्षण यांची छापील प्रत जवळ ठेवावी, आणि प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरावा, कारण तिथे त्यासाठी पैसे लागत नाहीत.

आमच्या तीन बॅगांपैकी दोन आल्या. तिसरी, म्हणजे माझी, मुंबईतच राहिली होती. तिच्यात चतुर्थीसाठी घेतलेली हिरवी नऊवारी, इंदूरची शेव, जिरावन या तिथल्या मसाल्याची पाकिटे आणि माझे सगळे गरम कपडे होते. विमान कंपनीच्या खिडकीवरच्या मुलीने अर्ज भरून घेतला आणि दोन दिवसांत बॅग हॉटेलवर पोहोचेल असे सांगितले. प्रत्यक्षात चार दिवस लागले. तेव्हापासून मी एक जोड कपडे आणि पूजेचे सामान नेहमी हातातल्या पिशवीत ठेवू लागले आहे, आणि तुम्हीही ठेवावे.

गरम कपड्यांची आठवण पहिल्याच तासात झाली. ऑगस्ट हा तिथला हिवाळा असतो. थंडी कडाक्याची नसते, पण आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे या महिन्यांत सर्वांत जोरात वाहतात आणि बेटाचा पूर्व किनारा त्यांच्या थेट तोंडावर येतो. आमचे पहिल्या दोन रात्रींचे हॉटेल बेल मार या गावात, म्हणजे त्याच पूर्व किनाऱ्यावर होते. प्रवास आयोजकाने पाठवलेल्या छायाचित्रांत समुद्र आरशासारखा शांत होता. प्रत्यक्षात वाळू पायांना टोचत होती, सुरूची झाडे एका बाजूला वाकली होती आणि बाहेर ठेवलेला चहाचा कप वाऱ्याने कलंडला. समुद्राचा रंग मात्र छायाचित्रातल्यापेक्षाही सुंदर निघाला. दूरवर प्रवाळाच्या रांगेवर फुटणारी पांढरी लाट, तिच्या अलीकडे फिकट हिरवे, जवळजवळ दुधाळ पाणी आणि पलीकडे एकदम गडद निळे. आम्ही शाली गुंडाळून अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिलो. मे ते सप्टेंबर या काळात जाणार असाल, तर मुक्कामासाठी पश्चिमेचा किनारा निवडावा. मधल्या डोंगरांमुळे तिथे वारा अडतो. आम्ही दुसऱ्या रात्रीचे पैसे सोडून फ्लिक आँ फ्लाक या पश्चिमेकडच्या गावात खोली घेतली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

त्या दिवशी हरितालिका होती. नणंद आणि मी पहाटे किनाऱ्यावर गेलो. पिंडी करण्यासाठी वाळू आयुष्यात पहिल्यांदाच शोधावी लागली नाही, कारण वाळूच वाळू होती. ही वाळू प्रवाळाच्या चुऱ्याची, पांढरी आणि भरड असते. ओली असेपर्यंत ती घट्ट बसते आणि वारा लागला की वरचे कण एकेक करून सुटतात. हॉटेलच्या ताटलीत पिंडी केली, तिच्याभोवती ओंजळ धरून नणंद बसली आणि मी पूजा सांगितली. बेल नव्हता, सुरूची हिरवी काडी वाहिली. इतकी पांढरी पिंडी मी यापूर्वी पाहिलेली नव्हती.

सामान नव्या खोलीत टाकून आम्ही राजधानी पोर्ट लुई गाठली. बेट लहान आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या इंदूर जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडे कमी, त्यामुळे कुठूनही कुठे जायला दीड-दोन तासांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. बस स्वस्त आहेत, पण संध्याकाळ झाली की त्या फार कमी होतात, तेव्हा परतीची वेळ आधीच विचारून ठेवावी. पोर्ट लुई ते क्युरपीप अशी मेट्रोही आता सुरू झाली आहे.

प्रथम आप्रवासी घाट पाहिला. बंदरालगतची दगडी वास्तू, तिचाही काही भागच उरलेला. १८३५ मध्ये ब्रिटिश इथली गुलामी संपवणार होते, उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती, आणि करारावर भारतीय मजूर आणण्याचा प्रयोग इथूनच सुरू झाला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' या जहाजातून कलकत्त्याहून आलेले ३६ जण ही त्याची सुरुवात. पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये पगार. १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे या बेटावर उतरली. बहुतेक जण बिहार आणि संयुक्त प्रांतातले होते, दक्षिणेकडून तमिळ आणि तेलुगू भाषक आले, आणि मुंबई बंदरातून जे आले त्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे मराठी लोक होते. युनेस्कोने २००६ मध्ये ही जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या आहेत. त्यांवर आता कोणाला पाय ठेवू देत नाहीत. मधल्या पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत. यजमान बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभे होते. आमचेही मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलेच. आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीसाठी उत्तरेला माळव्यात गेले, तिथे त्यांना घर आणि मान मिळाला. त्याच जिल्ह्यातून शंभर वर्षांनी दुसरा कोणी समुद्र ओलांडून इथे आला आणि या पायऱ्या चढला, तेव्हा त्याला आधी एक क्रमांक मिळाला. घाटाला प्रवेश विनामूल्य आहे. शेजारच्या माहिती केंद्रासाठी किमान दीड तास ठेवावा. आम्ही एक तास ठेवला होता आणि तो अपुरा पडला.

तिथून मुख्य बाजार पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आम्हा दोघींचा उपवास होता, म्हणून डाळपुरीच्या गाडीसमोर फक्त यजमान थांबले. तव्यावरची मऊ पातळ पुरी, आत वाटलेल्या पिवळ्या डाळीचा थर, तिच्यावर मोठ्या पांढऱ्या वालांची रस्साभाजी, टोमॅटोचा आंबटसर मसाला आणि चटणी, असे सगळे गुंडाळून कागदात देतात. मागताना 'एन पेर', म्हणजे जोडी, म्हणायचे, कारण पुऱ्या दोन-दोन विकतात. यजमान म्हणाले की पुरणपोळीतला गूळ काढून तिला भाजीच्या घरी दिली तर अशी लागेल. आम्ही दोघींनी काडीला लावलेले अननस घेतले. इथले अननस लहान आणि फार गोड असते, आणि ते चिंच-मिरचीच्या पाण्यात बुडवून देतात.

भाजीच्या दालनात शिरलो आणि मी एकदम घरी आल्यासारखी झाले. केळीची पाने, झेंडू, नारळ, विड्याची पाने, सगळे रचून ठेवलेले. उद्याची तयारी होती. आमच्या खोलीत सुपारीचा गणपती मांडायचा होता, म्हणून मी एका फुलवालीला हिंदीत विचारले, "दूब है?" तिने लगेच जुडी काढून दिली. ती भोजपुरी घरची, आणि इंदूरच्या फुलवालीकडेही मी हाच शब्द वापरते. मी जुडी नणंदेकडे देत म्हटले, "या दूर्वा बघ, कोवळ्या आहेत का."

शेजारच्या गाळ्यावर अळूची पाने निवडत असलेल्या एक म्हाताऱ्या बाई वळल्या. फुलांचा झगा, वर विणलेला स्वेटर, पांढरे केस घट्ट बांधलेले. त्या माझ्या अगदी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाय, तू दूर्वा बोललीस?"

मी हो म्हटले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या बोटांना अळूची माती लागलेली होती. "आमी बी मराठी," त्या म्हणाल्या. "दूर्वा आमीच बोलतो. दुसरं कोन नाय बोलत."

पुढचे अर्धे बोलणे खुणांनी झाले, कारण त्यांचे मराठी दहा-बारा वाक्यांनंतर क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचपासून घडलेल्या इथल्या बोलीत, वळायचे आणि माझी क्रिओल 'बोंझूर' आणि 'मेर्सी' यांच्यापुढे जात नव्हती. एवढे कळले की त्या कास्कावेलच्या आहेत, ते गाव आमच्या फ्लिक आँ फ्लाकपासून जवळ आहे, आणि उद्या आम्ही त्यांच्याकडे गणपतीला आलोच पाहिजे. नातवाचा फोन नंबर त्यांनी भाजीवाल्याच्या पेनाने माझ्या तळहातावर लिहिला.

२७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी खोलीत सुपारीच्या गणपतीची पूजा केली, दिरांकडची आरती व्हिडिओवर पाहिली आणि दहाच्या सुमारास कास्कावेलला निघालो. दोन्ही बाजूंना ऊस होता. जून ते डिसेंबर हा तोडणीचा हंगाम, त्यामुळे एका शेतात पुरुषभर ऊस उभा तर पुढच्यात नुसते खोडवे. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. हे ज्वालामुखीचे दगड आहेत. मळे करताना मजुरांनी हातांनी वेचून ते एकावर एक रचले.

आजींचे घर सिमेंटचे, एकमजली, अंगणात लाल झेंडे. दारातच त्यांची सून भेटली. माझ्या अंगावरचा सलवार-कुडता पाहून, आणि नातवाकडून बॅगेची हकीकत ऐकून, तिने एक शब्द न बोलता मला आत नेले आणि कपाटातून जांभळी नऊवारी काढली. नेसवतानाही ती बोलली नाही, कारण तिला मराठी फारसे येत नाही. तिची नेसवण्याची पद्धत माझ्या आईच्या पद्धतीपेक्षा थोडी निराळी होती. आम्ही काष्टा मागे खोचताना निऱ्या बारीक करतो, तिने त्या रुंद ठेवल्या आणि पदर कमरेला आवळून घेतला. शेतात काम करणाऱ्या बाईला अशी साडी सुटसुटीत होईल. मी आरशात पाहिले आणि मला गुहागरकडच्या चुलत आजीची आठवण झाली, जिला मी लहानपणी एकदाच पाहिले होते.

गणपती वीतभर उंचीचा, घरीच मातीने घडवलेला, आणि त्याच्यामागे केळीचे खांब. मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये आंरिएता गावात झाला असे सांगतात. मराठी समाज इथे अगदी लहान आहे, तरी गणेशोत्सवाची सार्वजनिक सुटी सगळ्या देशाला मिळते. ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनासाठी असते, हे मला फार शहाणपणाचे वाटले.

आरतीची वेळ झाली तेव्हा आजींनी एक वही आणली. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. जाड पुठ्ठ्याची, निळ्या रेघांची शाळेची वही, कोपरे तेलाने अर्धपारदर्शक झालेले. आरत्या देवनागरीत लिहिलेल्या, अक्षर आजींच्या वडिलांचे. प्रत्येक ओळीखाली दुसऱ्या शाईने, रोमन लिपीत, तीच ओळ पुन्हा लिहिलेली. ती नातवंडांसाठी सुनेने लिहिली होती. रोमन असूनही मला ती वाचताना अडखळायला झाले. मग लक्षात आले की ही जुळणी फ्रेंच पद्धतीची आहे. आपण जिथे एकट्या 'यू' अक्षराने 'उ' दाखवतो तिथे तिने 'ओ' आणि 'यू' जोडून लिहिले होते, आणि 'श' साठी 'सी-एच'. ज्या मुलांना शाळेत फ्रेंच वाचायला शिकवले आहे, त्यांना हे अक्षर पाहून बरोबर तोच मराठी उच्चार करता येतो. माझा बंगळुरूचा नातूही आरती मोबाइलवर रोमन अक्षरांतच वाचतो, आणि त्याचा 'ळ' दरवर्षी 'ल' होतो. इथल्या बारा वर्षांच्या मुलीने 'ळ' स्पष्ट म्हटला. सुनेने त्या अक्षराखाली छोटे वर्तुळ काढून ठेवले होते.

आरती सुरू झाल्यावर जे ऐकू आले ते मी विसरणार नाही. दिवसभर एकमेकांशी क्रिओलमध्ये बोलणारी तीस-पस्तीस माणसे एकदम खणखणीत मराठीत गाऊ लागली. चाल आमच्यापेक्षा संथ होती, आणि दोन ओळींच्या मधे ते एक जास्तीचा ठेका घेत. आम्ही तिघे सवयीने पुढे पळायचो आणि मग थांबायचो. तिसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही त्यांची गती धरली. मंत्रपुष्पांजली मात्र त्यांनी आम्हाला म्हणायला सांगितली, आणि यजमानांनी ती म्हणत असताना आजी ओठ हलवीत होत्या.

जेवण केळीच्या पानावर. पुऱ्या, भात, डाळ, लाल भोपळ्याची भाजी, अळूची पातळ भाजी, फणसाचा रस्सा, खीर आणि मोदक. मोदक तळणीचे, आत ओले खोबरे आणि इथली तपकिरी साखर. या साखरेला काकवीचा वास असतो, त्यामुळे मोदक गुळाच्या फार जवळ जातो. आजी पानापानाशी जाऊन "घ्या, घ्या" म्हणत होत्या; हा आग्रह करताना त्यांच्या तोंडी क्रिओल शब्द एकदाही आला नाही.

संध्याकाळी अंगणात झाकरी झाली. आपल्या कोकणातल्या जाखडीचेच हे रूप आहे: गोल रिंगण, मधे ढोलकी, पायांत घुंगरू, एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उचलायची. शब्द निम्मे कळत, निम्मे झिजून गेलेले. नातवाला मी एका ओळीचा अर्थ विचारला. तो प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून मराठी शिकला आहे आणि सावकाश, पुस्तकी मराठी बोलतो. तो म्हणाला, "मला अर्थ माहीत नाही. आजोबांनी असेच शिकवले. आम्ही एकही शब्द बदलत नाही."

२८ ऑगस्ट, गुरुवार

ऋषिपंचमी आणि तिथले विसर्जन एकाच दिवशी आले. बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेल्या भाज्यांची मिसळ करायची आपली रीत मी सुनेला नातवाकरवी सांगितली. ती त्यांच्या घरी चालत नव्हती, पण तिला कल्पना आवडली आणि ती मला परसात घेऊन गेली. मी बोट दाखवायचे आणि तिने नाव सांगायचे. अळूची पाने 'ब्रेद सोंझ', भेंडी 'लालो', भोपळा 'झिरोमों', दोडका 'पिपांगाय', शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरुम'. पडवळाला ती 'पातोल' म्हणाली, कोथिंबिरीला 'कोतोमिली', आणि आम्ही दोघी हसलो, कारण ही नावे इकडूनच गेलेली होती. मिरची, मीठ आणि खोबरे एवढेच घालून चुलीवर भाजी शिजवली. आजींनी ती दोनदा मागून घेतली.

दुपारी फ्लिक आँ फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर एकामागून एक मिरवणुका आल्या. पांढऱ्या सदऱ्यातले पुरुष, नऊवारीतल्या बायका, ढोलक, झांजा आणि सुरूच्या झाडांखाली सहलीला आलेली क्रिओल आणि चिनी कुटुंबे, जी गणपती समोरून जाताना उठून उभी राहत. प्रवाळाच्या रांगेमुळे आत लाटा नसतात. आजींचा नातू मूर्ती घेऊन पाण्यात गेला आणि कितीतरी चालत राहिला तरी पाणी गुडघ्याच्या वर येईना. शेवटी कमरेपर्यंत आले. त्याने मूर्ती तीनदा बुडवून सोडली. तळ स्वच्छ दिसत होता, त्यामुळे माती विरघळताना पाण्यात जो तपकिरी ढग पसरला तो आम्हाला किनाऱ्यावरूनही दिसला. इंदुरात विसर्जनाच्या गर्दीत मूर्ती हातातून गेली की दिसेनाशी होते. इथे ती विरघळून संपेपर्यंत सगळे थांबले होते.

विसर्जन पाहायचे असल्यास दुपारी दोनच्या आधी पोहोचावे, कारण त्यानंतर रस्ते भरतात. पाण्यात जाताना जुनी चप्पल पायात असू द्यावी. तळाला प्रवाळाचे तुकडे असतात.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

बॅग अखेर आली. दिवसभरासाठी टॅक्सी ठरवून आम्ही दक्षिणेकडच्या डोंगरात गेलो; भाडे आणि थांबे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावेत. किनाऱ्यावर ऊन होते, अर्ध्या तासात वर धुके आणि बारीक पाऊस. गंगा तलाव हे ज्वालामुखीच्या मुखात साठलेले सरोवर आहे. १९७२ मध्ये त्यात गंगाजल मिसळले, तेव्हापासून हे नाव पडले. वाटेवर ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती आहे; आम्ही तिच्या पायाशी उभे होतो आणि धुक्यामुळे छातीच्या वरचे काही दिसत नव्हते. मग वारा आला आणि चेहरा काही क्षण मोकळा झाला. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक पायी कावड घेऊन इथे येतात. माकडे फार आहेत, प्रसाद उघडा धरू नये.

शामारेलची सात रंगांची माती त्यानंतर पाहिली. काळा बेसाल्ट झिजून त्याची माती झाली आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांमुळे तिला लाल, तपकिरी, जांभळे असे पट्टे आले. पाऊस नुकताच थांबून ऊन पडले होते, त्यामुळे रंग उठून दिसले. पण कठड्याबाहेरूनच पाहायचे असते, आणि अर्ध्या तासात पाहून होते. त्याच रस्त्यावरचा धबधबा मला अधिक आवडला.

३० आणि ३१ ऑगस्ट

शनिवारी पांप्लमूसची वनस्पती बाग पाहिली. परातीसारख्या उभ्या कडांची प्रचंड कमळपाने तिथे आहेत, आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारा तालिपोट माडही. जवळच एका जुन्या साखर कारखान्यात साखरेचे संग्रहालय केले आहे. शेवटी साखरेचे वेगवेगळे प्रकार चमच्याने चाखायला देतात, फिकट सोनेरीपासून थेट काळपट ओलसरपर्यंत. शेवटचा प्रकार जिभेवर ठेवला तेव्हा लहानपणी गुऱ्हाळात कढईच्या कडेची खरवड खाल्ल्याचा भास झाला. ही साखर आम्ही दोन किलो घेतली. बाजारात रोख पैसे लागतात. काही दुकानांत भारतातले यूपीआय चालते.

रविवारी आजींकडे निरोप घ्यायला गेलो. शेव आणि जिरावन दिले. जिरावन कशावर घालतात हे सांगताना पोहे हा शब्द निघाला आणि आजी म्हणाल्या, "पोहे माझी आई बोलायची." पोहे त्यांनी खाल्लेले मात्र आठवत नव्हते.

मग नातवाने प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद आणला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांची कागदपत्रे जपली आहेत आणि वंशजांना आपल्या पूर्वजाची नोंद शोधता येते. ही त्यांच्या मूळ पुरुषाच्या नोंदीची प्रत होती: क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय २२, उंची, डाव्या भुवईवर व्रण, जिल्हा रत्नागिरी. त्या पुरुषाचे नावच पुढे घराण्याचे आडनाव झाले आहे, जसे इथे बहुतेकांचे झाले. गावाच्या रकान्यात कारकुनाने कानाने ऐकून इंग्रजीत काहीतरी लिहिले होते. सुरुवातीची अक्षरे 'कलंब' किंवा 'कोलंब' अशी वाचता येत होती आणि पुढचे शाईत मिटलेले. आजींनी विचारले, "हे गाव कुठं?" नणंद आणि यजमान तो कागद खिडकीकडे धरून बराच वेळ बसले. रत्नागिरी जिल्ह्यात कोळंबे आहे, कळंबस्ते आहे, कळंबुशी आहे. आम्हाला सांगता येईना, आणि चुकीचे सांगण्याची इच्छा नव्हती. कागदाचे छायाचित्र घेतले आणि घरी जाऊन पाहतो असे कबूल केले.

१ सप्टेंबर आणि त्यानंतर

परतीचा प्रवास वेळेवर झाला. घरी आल्यावर थोरल्या दिरांनी ते छायाचित्र संगणकावर मोठे करून पाहिले. मिटलेल्या भागात एक उभी, उंच रेघ दिसते, ती इंग्रजी 'टी' ची असू शकेल किंवा 'एच' ची. पहिली असेल तर कळंबस्ते, दुसरी असेल तर कळंबुशी. कोळंबे त्यात बसत नाही. एवढेच खात्रीने म्हणता येते, आणि तेवढेच मी नातवाला कळवले. दोन्ही नावे देवनागरीत लिहिली आणि खाली, सुनेच्या पद्धतीने, फ्रेंच वळणाच्या रोमन अक्षरांतही.

अनंत चतुर्दशीच्या रात्री आम्ही झांक्यांची वाट पाहत उभे होतो तेव्हा त्याचा ध्वनिसंदेश आला. ढोल जवळ येत होते, म्हणून फोन कानाला घट्ट लावावा लागला. आजींचा आवाज होता. त्यांनी आधी कळंबस्ते म्हटले, मग कळंबुशी. थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग त्यांनी दुसरे नाव पुन्हा एकदा, अगदी हळू म्हटले, आणि 'ळ' स्पष्ट होता.